दहा रात्री, भाड्याची गाडी आणि क्रोएशियाची बेटं

प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दहा रात्री क्रोएशिया. नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. भाड्याची गाडी घेऊन ब्राच, ह्वार, विस, कोर्चुला आणि म्ल्येत अशी पाच बेटं करायची आणि शेवटी दुब्रोवनिक शहर. गाडी बेटांवर न्यावी का, फेरीचं आरक्षण कसं करायचं, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणं जमेल का?

गेली बारा वर्षं मी एड्रियाटिक समुद्राच्या या किनाऱ्यावर मराठी कुटुंबांना सहली आखून देते आहे आणि जमेल तेव्हा स्वतः तो रस्ता पुन्हा चालवून येते. म्हणून आधी निकाल सांगते, कारणं मागून. पाच बेटं करू नका. दोन करा. गाडी न्या, पण पहिल्या दिवशी ताब्यात घेऊ नका आणि दुब्रोवनिकमध्ये शिरण्याआधी परत देऊन टाका.

तुमची यादी नकाशा बघून केलेली आहे हे लगेच कळतं. नकाशावर ही बेटं माळेतल्या मण्यांसारखी एकाशेजारी एक दिसतात. ब्राचवरून ह्वार समोर दिसतं, ह्वारच्या दक्षिण किनाऱ्यावरून कोर्चुला दिसतं. वाटतं, एकावरून दुसऱ्यावर सहज जाता येईल. पायी प्रवाशांना काही ठिकाणी जाताही येतं, उन्हाळ्यात कॅटामरान नावाच्या वेगवान प्रवासी बोटी असतात. पण कॅटामरानवर गाडी चढत नाही. गाडी घेणाऱ्या फेरीबोटी जवळजवळ सगळ्या मुख्य भूमीवरून बेटाकडे आणि बेटावरून परत मुख्य भूमीकडे जातात, चाकाच्या आऱ्यांसारख्या. ब्राचहून ह्वारला गाडी न्यायची तर ब्राचवरच्या सुपेतार बंदराहून ५० मिनिटांनी मुख्य भूमीवरच्या स्प्लिटला परत यायचं, पुन्हा रांग लावायची आणि दोन तासांचा प्रवास करून ह्वारवरच्या स्तारी ग्रादला उतरायचं. विसला तर गाडीने फक्त स्प्लिटहूनच जाता येतं, एका वेळचे दोन तास वीस मिनिटं. म्हणजे विस जोडलं की येण्याजाण्यात आणि रांगेत एक अख्खा दिवस गेला. विस मला फार प्रिय आहे. युगोस्लाव्हियाच्या काळात तिथे लष्करी तळ होता आणि १९८९ पर्यंत परदेशी माणसाला पाऊल ठेवायची परवानगी नव्हती, त्यामुळे मोठी हॉटेलं उभी राहिलीच नाहीत. त्या बेटाचं शांतपण अजून टिकून आहे. पण तिथे चार दिवस राहायला जायचं असतं. यादीत खूण करायला जाऊ नका.

देश तसा लहान आहे. क्षेत्रफळ ५६ हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे आपल्या मराठवाड्याहूनही कमी, आणि लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत. त्यामुळे लोक किलोमीटर मोजतात आणि फसतात. इथे दिवस ठरतो तो फेरीच्या वेळापत्रकावर.

मी सुचवते तो मार्ग असा. विमानाने स्प्लिटला उतरा, पण मुक्काम स्प्लिटमध्ये न करता त्रोगिरला करा, तीन रात्री. विमानतळापासून त्रोगिर पाच-सहा किलोमीटरवर आहे. मुख्य भूमी आणि चियोवो बेट यांच्या मधल्या एका चिमुकल्या बेटावर वसलेलं जुनं दगडी गाव, पुलांनी जोडलेलं. पहिली रात्र झोप काढा. दुसऱ्या दिवशी गाडीशिवाय बसने स्प्लिटला जा आणि डायोक्लेशियन या रोमन सम्राटाचा राजवाडा बघा. सतराशे वर्षांपूर्वीच्या त्या भिंतींच्या आत आजही लोक राहतात, खिडक्यांमध्ये कपडे वाळत घालतात. सासूबाईंना तिथे तळघराच्या गारव्यात बसायला बरं वाटेल. तिसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर जाऊन गाडी घ्या आणि दिवसभर फक्त सराव करा. किनाऱ्याच्या रस्त्याने प्रिमोश्तेनपर्यंत जाऊन परत या.

हा सरावाचा दिवस कापायचा मोह होईल. कृपा करून कापू नका. उजव्या बाजूने चालवणं अवघड नाही, अर्ध्या तासात हात बसतो. पण हातातली सवय डोक्याहून उशिरा बदलते. इंडिकेटर द्यायला जाल आणि वायपर सुरू होईल, गिअर शोधायला डावा हात दारावर आपटेल. तुम्ही गाडीच्या डावीकडे बसलेले असता, त्यामुळे गाडीची उजवी बाजू नेमकी कुठवर आहे याचा अंदाज चुकतो आणि गाडी नकळत उजवीकडच्या कठड्याकडे सरकते. गोल चौकात वाहनं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि आत असलेल्याला, म्हणजे तुमच्या डावीकडून येणाऱ्याला, आधी जाऊ द्यायचं असतं. हे सगळं पहिल्यांदा स्प्लिट बंदराच्या गर्दीत शिकायला लागलं तर घाम फुटतो. बंदर, रेल्वे स्टेशन, बसस्थानक आणि राजवाडा तिथे एकमेकांना चिकटून आहेत. गाडी शक्यतो ऑटोमॅटिक घ्या. तिथे मॅन्युअल गाड्यांचं प्रमाण बरंच असल्याने ऑटोमॅटिक लवकर संपतात, म्हणून आरक्षण आधी करा. आणि ज्यांची नावं चालक म्हणून करारात आहेत तेवढ्यांनीच चालवा.

चौथ्या दिवशी स्प्लिट ते स्तारी ग्राद. बहुतेक गाडीफेऱ्या याद्रोलिनिया ही सरकारी कंपनी चालवते, १९४७ पासूनची. तिच्या संकेतस्थळावर तिकीट मिळतं. गाडीचं तिकीट वेगळं आणि माणसांचं वेगळं, चालकाचंसुद्धा वेगळं. बरेच जण गाडीचं काढतात आणि माणसांचं विसरतात. गाडीचा दर लांबीवर ठरतो, पण नेहमीच्या सगळ्या मोटारी एकाच गटात मोडतात, त्यामुळे छोटी गाडी घेतल्याने फेरीचे पैसे वाचत नाहीत. गावातल्या गल्ल्यांसाठी मात्र छोटीच बरी.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तिकीट हातात आहे म्हणजे बोटीत जागा आहे, असं प्रत्येक मार्गावर नसतं. काही लांबच्या मार्गांवर तिकीट ठराविक फेरीचं असतं. अनेक आखूड मार्गांवर ते फक्त त्या मार्गाचं असतं आणि बोटीत कोण चढणार ते रांग ठरवते. म्हणून तिकिटावर वेळ छापली आहे की नुसती तारीख, ते नीट वाचा. वेळ छापलेली असली तरी तासभर आधी बंदरात असावं. एका ऑगस्टमध्ये मी सुचुरायच्या धक्क्यावर, म्हणजे ह्वारच्या पूर्व टोकाला, सकाळी उशिरा पोचले. माझ्या डोळ्यांसमोर दोन बोटी भरून गेल्या, तिसरीत जागा मिळाली. गाडीत एक वयस्कर जोडपं होतं, सावली नव्हती आणि पाणी संपलेलं. त्या दिवसापासून कुठल्याही आखूड मार्गावर मी पहिल्या दोन फेऱ्यांपैकी एक धरते. सप्टेंबरात गर्दी ओसरलेली असते, पण शनिवार टाळलात तर उत्तम. घरं आठवड्याच्या हिशोबाने भाड्याने जातात आणि शनिवारी सगळा किनारा एकदम हलतो.

दाभोळहून धोपाव्याला गाडी फेरीबोटीत घातली असेल किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो घेतली असेल, तर बोटीत चढण्याचं भय वाटायचं कारण नाही, रीत तीच आहे. रस्त्यावर ‘त्रायेक्त’ अशी पाटी दिसेल. स्पेलिंगमध्ये मध्ये जे येतो, तो य म्हणून वाचायचा, आणि ही एक खूण कळली की निम्मी गावांची नावं नीट उच्चारता येतात. त्या पाटीमागे जा. बंदरात जमिनीवर रांगांचे आकडे रंगवलेले असतात, माणूस सांगेल त्या रांगेत उभं राहायचं. बोटीत खलाशी हाताने खुणा करतो. त्याच्याकडेच बघा, आरशात बघत बसू नका. तो गाड्या इतक्या जवळजवळ लावतो की दार उघडायला जागा उरत नाही. म्हणून सासूबाईंना आणि मुलीला तुमच्यापैकी एकाने गाडी आत घालण्याआधीच उतरवून पायी चढवा. वरच्या मजल्यावर जाणारे जिने उभे आणि लोखंडी असतात, दुसऱ्या हातात सामान नको. औषधं, पाणी, स्वेटर आणि खाऊ एका खांद्यावरच्या पिशवीत आधीच वेगळं काढून ठेवा, कारण बोट निघाल्यावर गाड्यांच्या मजल्यावर परत जाता येत नाही. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर पार्कमध्ये, आरसे मिटलेले. गाडीचा हलण्यावर वाजणारा भोंगा असेल तर तो बंद करायला विसरू नका.

स्तारी ग्रादला तीन रात्री राहा. लोक ह्वार शहरात राहतात कारण नाव ऐकलेलं असतं. पण ते चढावर वसलेलं आहे, रात्री गजबजाट आणि गाडी लावायला महाग. स्तारी ग्राद सपाट आहे, पाण्याकाठी बाकं आहेत, फेरीचा धक्का दोन किलोमीटरवर. ह्वार शहर बोगद्याच्या रस्त्याने वीस-पंचवीस मिनिटांत गाठता येतं.

स्तारी ग्रादच्या मागे जे मैदान आहे ते चुकवू नका. इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी इथे वसाहत केली आणि शेतजमीन सरळ रेषेत आखून आयताकृती तुकड्यांत वाटली. ती आखणी आजही तशीच आहे, मधल्या भिंती चुन्याशिवाय नुसते दगड रचून घातलेल्या. कोकणातला गडगा ज्यांनी पाहिलाय त्यांना त्या भिंती परक्या वाटणार नाहीत. द्राक्षं आणि ऑलिव्ह तेव्हाही लावत होते, आजही लावतात. २००८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. संध्याकाळी पाचनंतर मुलीला भाड्याच्या सायकलवर बसवून त्या पायवाटांनी हिंडा, सगळं सपाट आहे. लॅव्हेंडरची जांभळी शेतं मात्र सप्टेंबरात दिसणार नाहीत, तो बहर जून-जुलैचा. तुमच्या वेळी द्राक्षांची तोडणी सुरू असेल आणि गावात तो वास भरून असेल.

बेटावरच्या एका रस्त्याबद्दल सावध करते. दक्षिण किनाऱ्यावरच्या झावाला गावाकडे जाणारा पित्वेचा बोगदा सुमारे १,४०० मीटर लांब आहे, एकच गाडी जाईल एवढा रुंद, खडक फोडून तसाच ठेवलेला. तोंडाशी सिग्नल आहे. लाल असेल तर समोर कोणी दिसत नसलं तरी थांबायचंच. सिग्नल पाळला की बोगदा सुरक्षित आहे, पण बंद जागेची भीती असलेल्याने जाऊ नये.

सातव्या दिवशी स्प्लिटला परत यायचं नाही, आणि माझ्या आखणीत वेळ वाचतो तो इथेच. येल्साहून बेटाच्या कण्यावरून पूर्वेला सुचुरायपर्यंत जा, पन्नासेक किलोमीटर. रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे, सव्वा तास धरा. या पट्ट्यात पंपाच्या भरवशावर राहू नका, येल्सा सोडण्याआधी टाकी भरा. मुलीला गाडी लागत असेल तर गोळी आधीच द्या. सुचुरायहून ३५ मिनिटांत मुख्य भूमीवर द्र्वेनिकला उतरता येतं आणि तिथून दक्षिणेचा रस्ता धरायचा.

इथे भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक खाच आहे. क्रोएशियाच्या किनाऱ्यामध्ये नेउमजवळ सुमारे वीस किलोमीटरचा तुकडा बोस्नियाचा आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, चलनही त्याच दिवसापासून युरो. बोस्निया शेंगेनमध्ये नाही. तुमचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल आणि तुम्ही नेउममध्ये शिरलात, तर व्हिसा तिथे संपला. पलीकडे क्रोएशियातच दुब्रोवनिक आहे, पण त्यावर परत येता येणार नाही. २६ जुलै २०२२ रोजी पेल्येशात्सचा पूल सुरू झाला आणि ही अडचण सुटली. २,४०४ मीटरचा पूल थेट पेल्येशात्स द्वीपकल्पावर नेतो, टोल नाही, सरहद्द नाही. पण फोनवरचा नकाशा कधी कधी नेउमचा रस्ता दाखवतो. म्हणून नकाशात दुब्रोवनिक न टाकता आधी पुलाचं नाव टाका, आणि तपासणी नाक्याची पाटी दिसली तर वळा. हाच नियम शेजारच्या माँटेनेग्रो देशातल्या कोटोरला, तोही शेंगेनमध्ये नाही. दुब्रोवनिकमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर कोटोरची एक दिवसाची सहल विकतात. व्हिसा अनेक प्रवेशांचा नसेल तर तिकडे बघूही नका. व्हिसाचा अर्ज करतानाच अनेक प्रवेशांची मागणी करायला हरकत नाही, पण मिळेल असं धरून आखणी करू नये.

पूल ओलांडून पश्चिमेला वळा आणि ओरेबिचला दोन रात्री राहा. कोर्चुला समोर दिसतं. गाडीची फेरी दोमिंचेला लागते, ते कोर्चुला गावापासून तीनेक किलोमीटर बाहेर. पायी प्रवाशांची छोटी बोट मात्र ओरेबिचहून थेट जुन्या गावाच्या तटाशी उतरवते. म्हणून कोर्चुला पाहायला गाडी न्यायची गरजच नाही, ती ओरेबिचलाच राहू द्या. तिथल्या गल्ल्या माशाच्या काट्यासारख्या आखल्या आहेत, वारा हवा तेवढाच आत यावा म्हणून. बहुतेकींना पायऱ्या आहेत. सासूबाईंनी तटाबाहेरच्या झाडांखाली बसावं, तिथूनही समुद्र पूर्ण दिसतो.

म्ल्येत मी गाळलं, मनाविरुद्ध. पेल्येशात्सवरच्या स्तोन गावाजवळच्या प्राप्रात्नोहून ४५ मिनिटांत जाता येतं, पण धक्का सोब्राला आणि राष्ट्रीय उद्यानातली दोन सरोवरं बेटाच्या दुसऱ्या टोकाला. एका दिवसात उरकायला गेलात तर शेवटच्या बोटीची चिंता दिवसभर डोक्यावर राहते. त्याऐवजी नवव्या दिवशी दुब्रोवनिकला जाताना स्तोनला थांबा. मिठागरं आहेत, आणि डोंगरावरून दुसऱ्या बाजूच्या गावापर्यंत गेलेली पाच किलोमीटरहून लांब दगडी तटबंदी आहे. मिठावरच्या कराचं मोल एवढं होतं, म्हणून एवढी भिंत.

दुब्रोवनिकच्या जुन्या शहरात गाडी जात नाही आणि बाहेर लावायचे पैसे डोळ्यांत पाणी आणतात. शहर ओलांडून थेट विमानतळावर जा, गाडी परत द्या, बसने परत या. शेवटच्या दोन रात्री मुख्य भूमीवर ठेवण्याचं कारण दुसरंही आहे, वारा. उत्तरेकडचा कोरडा, झटके देणारा ‘बुरा’ आणि दक्षिणेकडून लाटा-पाऊस आणणारा ‘यूगो’, दोघेही फेऱ्या बंद पाडू शकतात. सप्टेंबराच्या सुरुवातीला हवा बहुधा चांगली असते, तरी परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर असू नये, हा नियम मी कोणासाठीही मोडत नाही. रस्ते आणि फेऱ्यांची ताजी स्थिती तिथल्या मोटारचालक संघटनेच्या, हाकच्या, ॲपवर कळते. गाडी बंद पडली तर १९८७, अपघात किंवा आजारपण असेल तर ११२.

कागदपत्रं. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्याआधी आरटीओकडून काढा, शुल्क १,००० रुपये, मूळ परवानाही बरोबर हवा. गाडी फेरीवर नेणार हे भाडे कंपनीला आधी कळवा आणि परवानगी लेखी घ्या, कारण काहींचा विमा बोटीत लागू होत नाही. चाकं, काचा आणि गाडीचा तळ नेहमीच्या विम्यात बहुधा नसतात. एकदा चाकाच्या कडेवरचा ओरखडा माझ्या माथी मारला गेला आणि तो आधीपासून होता हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. आता गाडी घेताना आणि देताना चारही चाकांचे फोटो वेळेसकट काढते. मुलीसाठी बूस्टर सीट आरक्षणातच मागवा.

सासूबाई शाकाहारी आहेत असं तुम्ही लिहिलंय. हॉटेल न घेता स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, तिथे ते सर्रास मिळतं. तांदूळ, मुगाची डाळ आणि छोटा कुकर नेलात तर रात्रीची खिचडी होते. बाहेर ‘ब्लित्वा’ मागा, पालकासारखी पालेभाजी आणि बटाटा, लसूण-ऑलिव्ह तेलात. माशाबरोबर देतात, पण नुसतीही मिळते. स्प्लिटच्या बाजारात ‘सोपार्निक’ मिळेल, दोन पातळ पोळ्यांमध्ये तीच पालेभाजी भरून भाजलेली. त्यांना ते आपलं वाटेल. आणि जुलै २०२३ पासूनच्या कायद्याने दुकानांना वर्षातले फक्त सोळा रविवार उघडं राहता येतं. तुमच्या दहा रात्रींत एक रविवार येणारच. तो स्तारी ग्रादला येत असेल तर दूध, भाजी आणि फळं शनिवारी दुपारीच भरून ठेवा.